आनंदीबाईंचे कॉलेज

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची कथा ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. कल्याणच्या जोशांची यमुना नऊ वर्षांची असताना पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशांची आनंदी झाली. कोवळ्या वयात तिला मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. बायकांच्या दुखण्याला बायकांचा हात मिळत नाही, ही सल मनात धरून ती १८८३ साली एकटी आगबोटीत चढली, १८८६ साली डॉक्टर होऊन परतली, आणि घरी येऊन चार महिने होण्याच्या आतच गेली. काशीबाई कानिटकरांनी तिचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ती घराघरांत नेली. पुढे नाटक झाले, २०१९ साली चित्रपटही झाला.

या कथेची दोन टोके आपल्याला पाठ आहेत. एका टोकाला आगबोट, दुसऱ्या टोकाला पदवी. पण या दोन टोकांच्या मध्ये जवळजवळ तीन वर्षे एक मुलगी रोज सकाळी उठून कॉलेजात जात होती, टिपणे घेत होती, परीक्षांना बसत होती, खोलीवर येऊन आपला स्वयंपाक आपण करीत होती. ते कॉलेज कसे होते? तिथे कोण शिकवीत होते, बाकावर शेजारी कोण बसत होते? आपल्या कथेत ते कॉलेज बहुधा एका ओळीत येते आणि जाते. वास्तविक त्या कॉलेजलाही स्वतःची एक कथा आहे. आणि ती कळल्याशिवाय आनंदीबाईंच्या त्या तीन वर्षांत काय मिळाले आणि काय मिळायचे राहिले, याचा नीट उलगडा होत नाही.

कॉलेजचे नाव ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’. गाव फिलाडेल्फिया. हे शहर वसविले क्वेकर पंथाच्या लोकांनी. या पंथात उपाध्याय नाही. प्रार्थनेच्या सभेत ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने उठून बोलावे, मग तो पुरुष असो की स्त्री. ज्या समाजात बाई सभेत उभी राहून बोलते, त्या समाजाला बाई डॉक्टर होण्याची कल्पना इतरांइतकी अचाट वाटली नाही, यात नवल नाही. १८४९ साली एलिझाबेथ ब्लॅकवेल या बाईंनी पुरुषांच्या एका कॉलेजातून वैद्यकाची पदवी मिळविली. मात्र ते दार एकीसाठी उघडले आणि पुन्हा मिटले. तेव्हा काही क्वेकर गृहस्थांनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी ठरविले की, बायकांसाठी निराळे कॉलेजच काढावे. ११ मार्च १८५० रोजी पेनसिल्व्हेनिया राज्याकडून त्याला सनद मिळाली. त्या वेळचे नाव ‘फीमेल मेडिकल कॉलेज’. ते १८६७ मध्ये बदलले.

भाड्याच्या जागेत पहिला वर्ग भरला तेव्हा चाळीस बायकांनी नावे घातली होती. त्यांतल्या आठ जणींना ३१ डिसेंबर १८५१ रोजी पदवी मिळाली. गावातल्या पुरुष विद्यार्थ्यांनी दंगा करण्याची धमकी दिल्यामुळे समारंभाला पोलिसांचा बंदोबस्त ठेवावा लागला. पदवी घ्यायला आलेल्या आठ बायका, आणि त्यांना घरी सुखरूप पोहोचविण्यासाठी पोलीस! पुण्यात मुलींच्या शाळेसाठी घराबाहेर पडणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला जात होता, तेही याच सुमारास. दोन गावांत अर्ध्या पृथ्वीचे अंतर. पण लोकांच्या हातात जे आले ते सारखेच.

त्या आठ जणींपैकी ॲन प्रेस्टन ही प्रकृतीने नाजूक, बोलायला सौम्य. पण हट्ट असा की, कॉलेज सोडून ती कुठे गेली नाही. तिथेच शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागली आणि १८६६ मध्ये कॉलेजची डीन झाली. अमेरिकेत वैद्यकाच्या कॉलेजवर स्त्री डीन झाली ती ही पहिली. तिच्यापुढचा प्रश्न साधा होता. वैद्यक पुस्तकातून किती शिकणार? रोगी पाहिला पाहिजे, नाडी धरली पाहिजे, छातीला कान लावला पाहिजे. आणि इस्पितळे तर बायकांना दाराशी उभे करीत नव्हती. १८५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यक मंडळाने ठरावच केला की, आपल्या सभासदांनी या बायकांशी व्यवसायाचा संबंध ठेवू नये. मग प्रेस्टनबाई आणि त्यांच्या मैत्रिणींनी पैसे जमविले आणि १८६१ मध्ये बायकांसाठी स्वतःचे इस्पितळ उभे केले. त्याच सुमारास यादवी युद्ध पेटले आणि कॉलेज काही काळ बंद ठेवावे लागले. इस्पितळ मात्र चालू झाले ते झालेच.

तरी एका लहान इस्पितळात सगळे रोग कुठून दिसणार? शेवटी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल या जुन्या, मोठ्या इस्पितळाने विद्यार्थिनींना शनिवारच्या व्याख्यानांना बसण्याची परवानगी दिली. ६ नोव्हेंबर १८६९ चा तो दिवस या कॉलेजच्या आठवणीत कायमचा कोरला गेला. मुली सभागृहात शिरल्या तेव्हा तिथे पुरुष विद्यार्थ्यांची शेकड्यांनी गर्दी झाली होती. शिट्ट्या, हुर्यो, पायांचा धडधडाट सुरू झाला. कागदाचे बोळे आले, चघळलेल्या तंबाखूचे गोळे आले. रोगी समोर उघडा पडलेला, शिकविणारा बोलतो आहे आणि वर हा गोंधळ! व्याख्यान संपल्यावर मुली बाहेर पडल्या तर रस्त्यातही त्यांचा पाठलाग झाला आणि दगड आले. मुली व्याख्यान अर्धवट सोडून उठल्या नाहीत. पुढच्या व्याख्यानांनाही गेल्या. गावातल्या बहुतेक वर्तमानपत्रांनी त्यांची बाजू घेतली आणि दंगा करणाऱ्यांच्या सभ्यपणाची लक्तरे काढली.

आता एक योगायोग पाहा. त्याच वर्षी या कॉलेजातून क्लारा स्वेन नावाची मुलगी पदवीधर झाली होती, आणि फिलाडेल्फियात हा दंगा चालला होता तेव्हा ती हिंदुस्थानच्या वाटेवर होती. १८७० च्या जानेवारीत ती बरेलीला पोहोचली. पुढे रामपूरच्या नबाबाने तिला इस्पितळासाठी जागा दिली. स्त्रियांसाठी वैद्यकीय मिशनरी म्हणून आपल्या देशात आलेली, पदवी असलेली ती पहिली बाई. म्हणजे आनंदीबाई फिलाडेल्फियाला जाण्याच्या तेरा वर्षे आधीच फिलाडेल्फिया इकडे आली होती.

प्रेस्टनबाई १८७२ मध्ये वारल्या. १८७४ पासून डीनच्या खुर्चीवर बसल्या त्या रॅचेल बॉडली. आनंदीबाईंच्या पत्रव्यवहारातून आपल्या ओळखीच्या झालेल्या डीनबाई त्या ह्याच. या बाई मूळच्या डॉक्टर नव्हेत. त्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, शिवाय वनस्पतिशास्त्राची आवड. शास्त्रज्ञाची शिस्त त्यांच्या कारभारात दिसते. बायका शिकून डॉक्टर होतात खऱ्या, पण पुढे लग्न करून घरी बसतात, सारी विद्या फुकट जाते, असा आक्षेप त्या काळी सर्रास घेतला जाई. आपल्याकडेही तो आजतागायत अधूनमधून ऐकू येतो. बॉडलीबाईंनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी हयात असलेल्या सगळ्या माजी विद्यार्थिनींना छापील प्रश्न पाठविले: तुम्ही व्यवसाय करता काय, कोणता, लोक कसे वागवितात, लग्नाचा व्यवसायावर काय परिणाम झाला? उत्तरे जमवून १८८१ मध्ये त्यांनी ती भाषणात मांडली. उत्तर देणाऱ्यांपैकी बहुसंख्य बायका प्रत्यक्ष वैद्यकी करीत होत्या. आक्षेपाला उत्तर म्हणून आकडे पुढे ठेवावेत, ही रीत त्या काळी तरी नवीच होती.

अशा बाईंच्या टेबलावर १८८३ च्या उन्हाळ्यात एक अर्ज आला. अर्जदाराचे वय अठरा. शाळेत सलग शिक्षण असे नाही. बहुतेक अभ्यास नवऱ्याने घरी करून घेतलेला. आपल्या तयारीत काय काय उणे आहे हे अर्जदारानेच स्वच्छ लिहिले होते, आणि आपल्या देशातील स्त्रियांना खरी वैद्यकीय मदत मिळावी हा हेतू कळवून, म्हणून मला घ्या, अशी विनंती केली होती. कॉलेजने तिला घेतले. इतकेच नव्हे, तर तीन वर्षांसाठी मिळून सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही देऊ केली.

आनंदीबाई ७ एप्रिलला कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने निघाल्या होत्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या होत्या. उन्हाळा त्यांनी न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटरबाईंच्या घरी काढला. गोपाळरावांचे एक पत्र मिशनऱ्यांच्या मासिकात छापून आले होते. ते वाचून या बाईंनी आपण होऊन पत्रे लिहायला सुरुवात केली होती. ना नात्याच्या ना गोत्याच्या. पण आनंदीबाईंनी त्यांना ‘मावशी’ म्हटले आणि त्या मरेपर्यंत मावशीच राहिल्या. ऑक्टोबरात कॉलेज सुरू व्हायचे तेव्हा मावशीच भाचीला फिलाडेल्फियाला घेऊन गेल्या. आपल्याकडे मुलगी प्रथम होस्टेलवर जाते तेव्हा पेटी-वळकटी घेऊन आई बरोबर जाते, आणि परतताना फाटकाशी दोघींचेही डोळे भरून येतात. रोझेलच्या मावशीची परतीची वाट याहून निराळी असेल असे वाटत नाही.

कॉलेजची इमारत तेव्हा नवी होती. १८७५ मध्ये बांधलेली, शेजारीच बायकांचे इस्पितळ. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, औषधिशास्त्र. मग रोगचिकित्सा, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र. शिकविणाऱ्यांत पुरुषही होते; पण क्लारा मार्शल औषधिशास्त्र शिकवीत, ॲना ब्रूमॉल प्रसूतिशास्त्र शिकवीत, आणि या दोघी याच कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी. मला या गोष्टीचे महत्त्व फार वाटते. फळ्यासमोर उभी असलेली बाई कालपरवा याच बाकावर बसून गेली आहे, हे समोरच्या मुलीला रोज दिसत होते. ब्रूमॉलबाई तर १८७१ च्या पदवीधर, म्हणजे तंबाखूच्या गोळ्यांच्या काळातल्या विद्यार्थिनी. इस्पितळाच्या दारातून आत जाताना मान कशी ठेवावी हे या शिक्षिकांना पुस्तकातून शिकवावे लागत नव्हते.

परक्या भाषेतली व्याख्याने, लॅटिन नावांचे डोंगर, आणि शवविच्छेदनाची खोली. मृताला शिवल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचे नाही अशा घरातून आलेल्या मुलीला त्या खोलीचा उंबरा ओलांडणे हे काही लहानसहान सीमोल्लंघन नव्हते. समुद्र ओलांडल्याची चर्चा आपल्याकडे फार झाली. या उंबऱ्याची तितकीशी झाली नाही. अभ्यासात मात्र ही मुलगी कुठे अडली नाही. तिने तिन्ही वर्षे नेमाने पुरी केली.

अडली ती खोलीवर. आणि इथे त्या थोर कॉलेजचा दोष नव्हे, पण एक विसर सांगितला पाहिजे.

फिलाडेल्फियाची थंडी ही आपल्या पुण्या-नाशिकच्या थंडीची थोरली बहीण नव्हे. ती जातच निराळी. पाणी गोठते, रस्ते बर्फाखाली जातात, आणि हे चार महिने चालते. आनंदीबाईंना राहायला जी खोली मिळाली, तिच्या भिंतीतली शेकोटी नीट जळत नसे. पेटवली की खोलीभर धूर. तेव्हा पर्याय दोनच. शेकोटी पेटवावी आणि धुरात बसावे, किंवा विझवावी आणि कुडकुडत बसावे. त्यातच अभ्यास, त्यातच स्वयंपाक. कारण मांसाहार करायचा नाही हा निश्चय. तेव्हा जे शिजवायचे ते स्वतः. दिवसभर कॉलेज आणि इस्पितळ करून आल्यावर किती शिजत असेल आणि किती पोटात जात असेल, याचा हिशेब कोणीही स्वयंपाकघरातली बाई करू शकेल.

तीच गोष्ट लुगड्याची. पोशाख बदलायचा नाही हाही निश्चयच होता; पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि त्या थंडीत पोटऱ्या उघड्या ठेवणे म्हणजे आजाराला आमंत्रण. शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. बदल केवढा, तर निऱ्या घालण्याचा! पण त्याचाही इकडे खुलासा करावा लागे. पुण्या-मुंबईच्या लोकांचे डोळे त्या निऱ्यांवर होते आणि गोपाळरावांच्या पत्रांतून कौतुकाइतकेच टोमणेही येत. विद्यार्थिनीच्या पाठीवर पुस्तकांचे ओझे असते. या विद्यार्थिनीच्या पाठीवर एका अख्ख्या समाजाचे डोळे होते.

पुढे तिची राहण्याची सोय बदलली आणि डीनबाईंनीही जातीने लक्ष घातले. तरी प्रकृतीने घर सोडले ते सोडलेच. एक गोष्ट इथे न्यायाने सांगायला हवी. आनंदीबाईंच्या मृत्यूचे खापर त्या धुरकट खोलीवर फोडण्याची आपल्याकडे प्रवृत्ती आहे. कलकत्त्यात असतानाच त्यांना ताप, डोकेदुखी, धाप लागणे हे त्रास सुरू झाले होते. अमेरिकेला जाण्याआधीच कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधे पाठविली होती. तेव्हा एका शेकोटीने क्षय दिला असे म्हणणे बरोबर नाही. पण ज्या कॉलेजने आपल्या मुलींना रोगी पाहता यावा म्हणून सबंध शहराशी लढाई दिली, इस्पितळ बांधले, आक्षेपांना आकड्यांनी उत्तरे दिली, त्या कॉलेजच्या ध्यानात हे आले नाही की, सहस्र कोसांवरून आलेल्या अठरा वर्षांच्या शाकाहारी मुलीला वर्गात जागा देणे ही प्रवेशाची अर्धीच बाजू आहे. उरलेली अर्धी म्हणजे ऊन अन्न आणि धूर न होणारी चूल. कॉलेजे ही बाजू पुष्कळदा विसरतात. आपलीही विसरली आहेत.

पण या तीन वर्षांचे चित्र नुसते कुडकुडण्याचे काढले तर तेही खोटे होईल. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र आहे. तीन विद्यार्थिनी ओळीने बसल्या आहेत. एक आनंदीबाई, साडी नेसून. दुसरी जपानची केइ ओकामी, किमोनो घालून. तिसरी दमास्कसची साबात इस्लांबुली, तिच्या देशाच्या भरजरी पोशाखात. छायाचित्र काढविणाऱ्यांना या तीन पोशाखांचे अप्रूप असणार, यात शंका नाही. परंतु त्या तिघींकडे पाहताना मला दुसरेच काही दिसते. तिघींपैकी एकीचीही मायबोली दुसरीला येत नव्हती. तिघींचे देव निराळे, अन्न निराळे. त्यांना जोडणारी भाषा एकच, शरीरशास्त्राची. हाड हे तिघींनाही हाडच होते.

ओकामीबाई १८८९ मध्ये पदवी घेऊन जपानला परतल्या आणि तोक्योच्या एका इस्पितळात काम करू लागल्या. तिथे सम्राटांची भेट ठरली, तेव्हा त्या स्त्री असल्यामुळे त्यांना पुढे येऊ दिले गेले नाही. त्यांनी राजीनामा देऊन स्वतःच्या घरी दवाखाना थाटला. पदवी कोठलीही असो, परतल्यावरची परीक्षा ही प्रत्येकीची निराळीच निघाली. इस्लांबुली १८९० मध्ये पदवीधर झाल्या. आणि १८८६ च्या ऑक्टोबरात आनंदीबाई मायदेशी जाण्यासाठी बोटीवर चढल्या, त्याच सुमारास कॉलेजात ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश दाखल झाली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी पदवीधर डॉक्टर झालेली ही पहिली स्त्री. १८८९ च्या आपल्या वर्गात ती पहिली आली. मौज अशी की, अमेरिकन लोक आनंदीबाईंनाही ‘इंडियन’ म्हणत आणि तिलाही ‘इंडियन’च म्हणत. कोलंबसाने चारशे वर्षांपूर्वी केलेला घोटाळा त्या कॉलेजच्या हजेरीपटावर असा एकामागोमाग एक येऊन बसला.

कॉलेजची ही उदारता निर्हेतुक नव्हती, हेही सांगितले पाहिजे. परदेशी मुलींना शिकविण्यामागे मिशनरी मंडळींच्या आशा होत्या. आज ना उद्या ही मुलगी ख्रिस्ती होईल असे पुष्कळांना वाटे. आनंदीबाई निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत, हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे सांगून गेल्या होत्या. त्याप्रमाणे त्या परतल्या. आणि कॉलेजनेही धर्म बदलला नाही म्हणून पदवीत काही उणे केले नाही.

पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयात अमेरिकन पुस्तकांच्या ढिगात बसून या मुलीने आपल्या जुन्या ग्रंथांतले गर्भिणीचे नियम, बाळंतिणीची निगा, अर्भकाची जोपासना यांची मांडणी केली. विषयाच्या निवडीत मला तिचा सगळा स्वभाव दिसतो. जे शिकायला आली ते तिने शिकून घेतले, आणि परीक्षकांसमोर ठेवायला मात्र माहेरचे गाठोडे सोडले. ज्या विषयात तिने स्वतः एक मूल गमावले होते, नेमका तोच विषय.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. नाव पुकारल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. गोपाळराव तोपर्यंत अमेरिकेत पोहोचले होते. आणि प्रेक्षकांत बसल्या होत्या पंडिता रमाबाई. इंग्लंडमधील चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. या समारंभासाठी लहानग्या मनोरमेला घेऊन त्या समुद्र ओलांडून आल्या. आनंदीबाईंच्या त्या दूरच्या नात्यातल्या. आल्या पाहुण्या म्हणून, पण राहिल्या दोन वर्षांहून अधिक. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियातच निघाले. त्याला प्रस्तावना लिहिली ती डीन बॉडलीबाईंनी. पुस्तकाच्या बळावर आणि व्याख्यानांच्या बळावर रमाबाईंनी मदत उभी केली आणि मुंबईला परतून विधवांसाठी शारदासदन काढले, ते ११ मार्च १८८९ रोजी. ११ मार्च १८५० ला कॉलेजची सनद, ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंची पदवी आणि ११ मार्च १८८९ ला शारदासदन. तारखांचे असे जुळणे हा निव्वळ योगायोग. पण पदवीदान पाहून बाहेर पडलेल्या रमाबाईंच्या डोक्यात जे सुरू झाले त्याचा शेवट चौपाटीवरच्या त्या घरात व्हावा, हा योगायोग नव्हे. त्या शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई.

या कॉलेजचे आणखी एक मराठी नाव आहे, आणि ते आपण जवळजवळ विसरलो. गुरुबाई करमरकर. आनंदीबाईंच्या मागोमाग काही वर्षांनी त्या त्याच कॉलेजात शिकल्या आणि १८९२ मध्ये पदवीधर झाल्या. त्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. पती सुमंतराव हेही अमेरिकेत धर्मशास्त्राचे शिक्षण घेत होते. परतल्यावर मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या दवाखान्यात त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. त्यात प्लेगची वर्षे आली, दुष्काळाची वर्षे आली. रोज सकाळी दार उघडायचे, समोर बसलेल्या बायकामुलांना तपासायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा दार उघडायचे. अशा आयुष्यावर कादंबरी होत नाही. त्यात आगबोट चढण्याचा क्षण असतो, पण विसाव्या वर्षानंतरच्या अकाली मृत्यूचा चटका नसतो. तरी ज्या कामासाठी आनंदीबाई गेल्या, ते काम त्याच कॉलेजची दुसरी एक मराठी विद्यार्थिनी निमूटपणे करीत होती, एवढे आपल्या मुलींना माहीत असायला हरकत नाही.

आनंदीबाईंना कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातल्या स्त्रीविभागाची जागा देऊ केली होती. पगार दरमहा तीनशे रुपये. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईला उतरल्या त्या आजारीच. कोल्हापूरला जाणे झाले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. बावीस वर्षे पुरी व्हायला महिना उरला होता. गोपाळरावांनी रक्षा मावशींकडे पाठविली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. डीन बॉडलीबाई पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, अकस्मात गेल्या. त्यांची खुर्ची क्लारा मार्शल यांच्याकडे आली आणि जवळजवळ तीस वर्षे त्यांच्याकडेच राहिली.

कॉलेज बायकांचे म्हणून एकशेवीस वर्षे चालले. मग पुरुषांना प्रवेश मिळाला आणि १९७० मध्ये नावातला ‘वुमन्स’ हा शब्द गेला. पुढे ते दुसऱ्या संस्थांत मिसळले. आज त्याचा वारसा फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. जुनी दप्तरे, पत्रे, छायाचित्रे तिथल्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत. साडी, किमोनो आणि दमास्कसचा पोशाख यांचे ते छायाचित्र त्यांत आहे, आणि आनंदीबाईंच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला तो बाळंतपणावरचा प्रबंधही आहे.